मोरीपाशी दार

एका राज्यात दार नसलेला एक राजवाडा होता. त्याला खिडकीही नव्हती. चारी बाजूंना काळ्या दगडाची उंच भिंत, वर सपाट छत, आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघराच्या मोरीचं बोटभर रुंदीचं भोक. त्या भोकातून दिवसातून दोनदा भांड्यांचं पाणी बाहेर येई, आणि कुणी कान लावला तर राणीचा आवाज येई.

हे असं झालं होतं. राजा हेमांगदाने परमुलखातून चाळीस रांजण सोनं आणलं आणि त्याची झोप उडाली. त्याने कुंडलक नावाच्या मांत्रिकाला बोलावून घेतलं.

"माझ्या सोन्यापर्यंत कुणाला पोचता येऊ नये, असा वाडा मला करून दे."

"कुणालाच?" मांत्रिकाने विचारलं.

"कुणालाच."

मांत्रिकाने संक्रांतीचा दिवस धरला. त्या दिवशी सगळा राजवाडा नदीकाठच्या जत्रेला गेला होता. राणी भागवंती तेवढी मागे राहिली होती, कारण चुलीवर गुळाचा पाक होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला ती तयार नव्हती. राजा जत्रेहून परतला तेव्हा भिंत होती, दार नव्हतं.

राजाने मांत्रिकाचे पाय धरले. मांत्रिक म्हणाला, "मागितलंस ते दिलं. आता एवढंच सांगतो. एखादा जीव न हाकता, न बोलावता, न उचलता या भिंतीपाशी घर म्हणून येईल आणि निजेल, त्या जागी दार होईल. मुदत सातव्या संक्रांतीच्या सूर्यास्तापर्यंत. त्यानंतर भिंत ती भिंतच." एवढं बोलून तो आपल्या देशी निघून गेला.

आत विहीर होती, कोठार होतं, सरपण होतं. राणी जगली. पण भिंत दरवर्षी वीतभर जाड होत होती आणि मोरीचं भोक बारीक होत होतं. राजा समोरच्या माळावर तंबू ठोकून राहिला. त्याने भिंतीपाशी कुत्रे आणले, ते त्याच्याच तंबूशी येऊन झोपले. घोडे आणले, ते दाण्याच्या तोबऱ्यामागे गेले. माणसं आणली, ती बक्षिसासाठी आली. सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी, आश्विनात, राजाची मुलगी मेधावती सात नद्यांपलीकडच्या विद्यापीठातून परत आली. तिला चौदा शास्त्रं येत होती, आणि ती सगळी राज्याच्या भल्यासाठी वापरायची असा तिचा निश्चय होता. ती तडक मोरीपाशी गेली आणि चिखलात गुडघे टेकून तिने भोकाला कान लावला.

"आई."

"आलीस?" आतून आवाज आला. "जेवलीस का?"

शेजारच्या बाभळीवर भारद्वाज पक्षी बसला होता. तो मेधावतीला म्हणाला, "राजकन्ये, तीन कामं आहेत. तेरा अंड्यांतून जीव बाहेर काढ. त्यांच्या पंखांत वारा मावेपर्यंत त्यांना जगव. मग ती आपल्या पायांनी घरी येतील असं कर. तिसरं काम सर्वांत सोपं आहे आणि तेच तुला जमणार नाही."

"मला जमणार नाही असं काही नाही," मेधावती म्हणाली. पक्षी उडून गेला.

तिने आईला सगळं सांगितलं. राणी भागवंती शेतकऱ्याच्या घरची होती; राणी होण्याआधी तिने कोंबड्याच राखल्या होत्या. ती म्हणाली, "खुडूक कोंबडी शोध. हात लावला की फणफणते, पिसं फुलवते आणि जागची हलत नाही, ती खुडूक. तुमच्या विद्यापीठात होती का एखादी?"

"होत्या, आई. शिकवायला होत्या."

आतून हसू आलं. सात वर्षांत राणीला हसताना प्रथमच ऐकलं, असं पहारेकरी पुढे सांगत.

मेधावतीने गावातून एक तांबडी खुडूक कोंबडी आणि तेरा अंडी आणली. जागा मोरीशेजारचीच निवडली. तिथे आतल्या चुलीची ऊब भिंतीतून बाहेर येत होती, आणि काही विचारायचं झालं तर आई हाकेच्या अंतरावर होती. टोपलीत भुसा घालून अंडी मांडली, कोंबडी बसवली. सातव्या दिवशी राणीच्या सांगण्यावरून एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं. दोन नितळ निघाली, त्यांत जीव धरला नव्हता.

"तेरातली दोन गेली," मेधावती कष्टी होऊन म्हणाली.

"तेराच्या तेरा निघाली असं कुठल्या राज्यात झालंय? ती दोन काढून टाक, नाहीतर कुजतील."

एकविसाव्या दिवशी अंड्यांना चोच लागली. दुपारपर्यंत दहा पिल्लं बाहेर आली आणि आईच्या पोटाखाली वाळत बसली. अकरावं आतून टकटक करत होतं, थांबत होतं, पुन्हा करत होतं. कुणी जीव अंधारात कोंडलेला असावा आणि आपण नुसतं पाहत बसावं, हे मेधावतीला सोसवेना. तिने नखाने कवच सोललं. आतल्या पातळ पापुद्र्यातून रक्त आलं. पिल्लू बाहेर आलं, पण त्याला मान धरता येईना. तिसऱ्या दिवशी ते मेलं.

"मी त्याला सोडवायला गेले होते," मेधावती भोकाशी म्हणाली.

राणी म्हणाली, "त्याचं रक्त अजून आत ओढलं जायचं होतं गं. ते झालं की आपणच लाथ मारून येतं. पूर ते, आणि हात धू. बाकीच्यांना पाणी पाज."

असं पहिलं काम झालं.

मग घरच्यासारखे दिवस सुरू झाले. मेधावती संध्याकाळी कोंबडीला आणि पिल्लांना स्वतः उचलून डालग्याखाली झाकी आणि सकाळी डालगं काढून मोकळं करी. आत राणी तांदूळ धुवी, तेव्हा मुद्दाम मूठभर कण्या पाण्याबरोबर सोडी. कण्या भोकातून बाहेर येत आणि दहा पिल्लं त्यांच्यावर तुटून पडत. पाण्याच्या थाळीत पिल्लं बुडू नयेत म्हणून मेधावतीने तिच्यात खडे घातले. एका पिल्लाच्या बुडाला शी चिकटून वाळली होती, ती तिने कोमट पाण्याने सोडवली. मुंग्या आल्या तेव्हा टोपलीभोवती राख ओढली. या कामांत चौदा शास्त्रांपैकी एकही लागलं नाही. आई आणि मुलगी भिंतीच्या दोन बाजूंनी बोलत राहत.

दहाव्या दिवशी छताच्या कठड्यावर घार येऊन बसली.

"मला रोज एक दे," घार म्हणाली.

मेधावती उभी राहिली. "दुबळ्याला मारून जगणं हा धर्म नव्हे. तू सामर्थ्यवान आहेस. सामर्थ्यवानाने रक्षण करावं."

"मग मी काय खावं?"

मेधावती विचार करू लागली. तेवढ्यात घारीने झेप घेतली आणि एक पिल्लू उचलून नेलं.

"कुणाशी बोलत होतीस?" आतून राणीने विचारलं.

"घारीशी. तिला समजावत होते."

"घारीशी वाद घालायचा नसतो, बाळ. बाभळीच्या फांद्या तोड आणि अंगणावर आडव्या टाक."

मेधावतीने फांद्या तोडल्या. काट्यांनी हात फाटले. दुसऱ्या दिवशी घार आली, दोन घिरट्या घातल्या, "हे बोलणं मला कळतं," म्हणाली आणि गेली. नऊ पिल्लं उरली. ती वाढली, त्यांची लव जाऊन पिसं आली. मार्गशीर्ष संपता संपता तांबडी कोंबडी त्यांना टोचून दूर करू लागली.

"आई, ती त्यांना मारतेय."

"दिवस भरले त्यांचे तिच्यापाशी. वाईट नव्हे ती. आता ती पुन्हा अंडी घालेल."

असं दुसरं काम झालं. पौष उजाडला. भोक आता काडीएवढं राहिलं होतं आणि राणीचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. संक्रांतीला दहा दिवस होते.

तेव्हा राजा हेमांगद मुलीकडे आला. "बाळ, आता यांना पुढच्या अंगाला ने. जिथे सिंहद्वार होतं, तिथे मी चंदनी खुराडं करवलं आहे. दार व्हायचं ते तिथेच व्हावं."

मेधावतीलाही ते पटलं. तिच्या मनात राजवाड्याचं दार म्हणजे सर्व प्रजेला दिसेल, कुणालाही सरळ चालत येता येईल, असं दार होतं. तिने नऊही पाखरं पुढे नेली, दोन दिवस खुराड्यात कोंडली आणि तिसऱ्या दिवशी मोकळी सोडली. दिवसभर ती माळभर हिंडली. ऊन कलल्यावर सगळी राजवाड्याला वळसा घालून मोरीपाशी गेली आणि भिंतीला चिकटून बसली.

मेधावतीने एकेक उचलून सिंहद्वाराशी नेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. राजाने सहा पहारेकरी उभे केले. पहारेकरी भाले आडवे धरून "हुश, हुश" करत पाखरांना पुढे ढकलत, पाखरं त्यांच्या पायांतून मागे पळत.

"महाराजांनी लढाईला चला म्हणावं," एक पहारेकरी दुसऱ्याला म्हणाला, "पण हे नको."

असं रोज झालं. चंदनी खुराड्यात केशराचे तांदूळ ठेवले, पाखरं ते खाऊन मोरीकडे गेली. वाट अडवली, ती भिंतीच्या कडेकडेने गेली. रोज मेधावती त्यांचा डोळा लागण्याआधीच त्यांना उचलून पुढे नेई आणि रोज खुराड्यामागची भिंत तशीच राही.

संक्रांत आली. दुपार टळल्यावर मेधावती मोरीशी बसली. भोक सुईच्या नेढ्याएवढं झालं होतं.

"आई, मला जमलं नाही."

"पाखरं मेली?"

"नाही. नऊही आहेत."

"मग संध्याकाळी त्यांची कुरकुर का ऐकू येत नाही मला? आधी भिंतीतून यायची. आता थोडी येते आणि बंद होते."

"पुढे सिंहद्वाराशी निजवते मी त्यांना. पण मूर्ख आहेत गं ती. खुराडं सोडून रोज संध्याकाळी इथेच येतात, तुझ्या मोरीपाशी. रोज उचलून न्यावी लागतात."

मेधावतीने कान भोकाला आणखी घट्ट लावला.

"रोज येतात?" राणीने विचारलं.

"रोज."

"कुणी बोलावतं?"

"नाही."

"कुणी हाकतं?"

"उलट इथून हाकतो आम्ही."

"मग मूर्ख कोण गं, पोरी?"

मेधावती उठली आणि धावत राजाकडे गेली. तिने त्याला सगळं सांगितलं. राजाचा चेहरा उतरला.

"राजवाड्याचं दार खरकट्या पाण्यापाशी? परदेशचे राजे भेटीला येतील ते मोरीतून?"

"आबा, ऊन कललंय."

राजा तिच्यामागून मोरीपाशी आला. तो सात वर्षांत इथे फारसा आला नव्हता. राणीचा आवाज ऐकणं त्याला झेपत नसे. तो वाकला.

"राणीसाहेब, सिंहद्वारापाशी एकदा शेवटचा प्रयत्न करून पाहू का? चंदनाचं खुराडं आहे."

भोकातून इतका बारीक आवाज आला की राजाला श्वास धरून ऐकावं लागलं.

"स्वारींनी करावा. मी मात्र सात वर्षं या चुलीपाशी बसले आहे. सिंहद्वारापाशी मी नाही."

राजा उभा राहिला. त्याने पहारेकऱ्यांकडे पाहिलं. "भाले खाली ठेवा," तो म्हणाला. "आणि दूर जा. खूप दूर. खोकू नका."

पहारेकरी गेले. राजा आणि मेधावती बाभळीमागे ओल्या मातीत बसली. सूर्य माळाच्या कडेला टेकला. वाट रिकामी होती. आज घार आली असेल का, कुत्रा लागला असेल का, असे सगळे विचार मेधावतीच्या मनात येऊन गेले. उठून शोधायला जावं म्हणून तिने तळहात जमिनीला टेकला. मग तो तसाच राहू दिला.

कोपऱ्यावरून एक करडं पाखरू आलं. त्याच्या मागून दोन. मग बाकीची, वाटेत काहीबाही टिपत, काही घाई नसल्यासारखी. मोरीपाशी आल्यावर जागेवरून त्यांची नेहमीची ढकलाढकली झाली. एका तरुण कोंबड्याने शेजारणीला टोचलं, तिने त्याला. नववं पाखरू दोघांच्या मधे घुसलं. कुरकुर हळूहळू कमी झाली. एकेकाने मान पंखात घातली.

शेवटच्याने मान घातली तेव्हा सूर्याची कड दिसत होती. मग भिंतीतला एक दगड आत सरकला, त्याच्या खालचा सरकला, आणि तिथे दार झालं. येणाऱ्यांच्या मापाचं झालं: माणसाच्या गुडघ्याएवढं उंच. आतून चुलीचा उजेड झोपलेल्या पाखरांवर पडला.

राजा पुढे झाला. मुकुट घालून डोकं आत जाईना, म्हणून त्याने तो काढून बाहेर ठेवला. खांदे तिरके केले, पाखरांना धक्का लागू नये म्हणून पोट आत घेतलं, आणि मोरीच्या चिखलातून रांगत तो आपल्या घरात शिरला. मेधावती मागोमाग शिरली.

राणी भागवंती चुलीपुढे उभी होती. केस पांढरे झाले होते. तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. मग राजाकडे पाहिलं.

"हेमांगद हात जोडून उभा आहे," राजा म्हणाला.

"आधी पाय धुवावेत," राणी म्हणाली. "आणि हळू बोलावं. बाहेर निजली आहेत."

रात्र सरली तशी मांत्रिकाची भिंत विरली. खिडक्या परत आल्या, सिंहद्वारही आलं. परदेशचे राजे तिथूनच येऊ लागले, आणि तळघरातलं सोनं तिथूनच परमुलखात, जिथून आलं होतं तिथे, गाड्या भरून परत गेलं. मोरीशेजारचं गुडघाभर दार मात्र कुणी बुजवलं नाही. सिंहद्वार लावायचं की नाही ते द्वारपाल ठरवत. हे दार रोज संध्याकाळी राजा स्वतः लावी. आधी खाली बसून तो आत आलेल्या पाखरांवरून नजर फिरवी, आणि सगळी आली असली तरच कडी घाली.