घारींची साक्ष आणि वाहून गेलेली फळी

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा घारी बोलायच्या आणि म्हातारे ऐकायचे नाहीत. त्यातलं पहिलं आता बंद झालं आहे.

समुद्राकाठच्या एका राज्यात लाकडाची एक सामाईक वखार होती. प्रत्येक होडीवाल्याने दरवर्षी सागाचा एक ओंडका तिथे आणून टाकायचा. ज्याची होडी बुडेल त्याला त्या लाकडातून नवी होडी बांधून मिळायची. कल्पना इतकी चांगली होती, की ती म्हाताऱ्यांना सुचली यावर विश्वास बसत नाही. पण त्यांनाच सुचली होती. खरं ते सांगितलं पाहिजे.

वखार पाच पंच सांभाळत. त्यांचा नियम एकच. होडी बुडाली म्हणता ना, मग तिची नाळेची फळी, म्हणजे सगळ्यात पुढची, पाणी कापणारी फळी, स्वतःच्या हाताने आणून दाखवा. फळी नाही तर होडी नाही.

खाडीपलीकडे, डोंगराच्या आड, तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढून जगणाऱ्यांची एक वाडी होती. तिथल्या एका बाईची होडी भरतीत उलटली. बाई पोहत काठाला लागली. होडी मात्र फुटून तळाला गेली, आणि तिची फळी वाहून गेली. हे शिंपले मिळायचे खाडीच्या मधोमध, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पुळणीवर. तिथे प्रत्येक घराची जागा ठरलेली. वाडीचा रिवाज असा, की दोन पौर्णिमा जिची होडी पुळणीला लागली नाही, तिची जागा दुसऱ्या घराला जायची. या बाईच्या घरात ती आणि तिची आंधळी सासू. जागा गेली की चूल विझली.

ती दीड दिवस चालून वखारीत आली. थोरल्या पंचांनी तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "फळी?"

"वाहून गेली, आजोबा."

"मग शोध."

बाकीचे चौघे मान हलवत होते. मान हलवायला फार काही लागत नाही.

ती महिनाभर किनारा शोधत फिरली. तिला दुसऱ्यांच्या फळ्या सापडल्या, तुटकी वल्ही सापडली, एकदा तर एक आख्खा माठ सापडला. तिची फळी सापडली नाही. पहिली पौर्णिमा गेली.

मोठ्या धक्क्यावर जाळी विणणारी एक तरुण मुलगी राहायची. तिच्या वाळत घातलेल्या मासळीवर घारी झडप घालत. हाकलून कंटाळली, तेव्हा तिने घारींशी ठराव केला. रोज संध्याकाळी प्रत्येकीला एक बांगडा मिळेल. त्याबदल्यात दिवसभरात कुठली होडी कुठे बुडाली ते सांगायचं. घारींना सौदा पसंत पडला. त्यांची नजर तीक्ष्ण, आणि खोटं बोलायची त्यांना गरज नव्हती.

मुलगी पंचांकडे गेली. म्हणाली, फळीची वाट कशाला बघता, घारीने सांगितलं की त्याच दिवशी लाकूड द्या. पंच हसले. एकाने विचारलं, घारीच्या अंगठ्याचा ठसा कसा घेणार. दुसऱ्याने सांगितलं, की नियमात घारीचा उल्लेख नाही. नियम लिहिला तेव्हा घारीला कुणी विचारलं नव्हतं, हे मुलीने सुनावलं, तेव्हा तिला बाहेर काढण्यात आलं.

थोरले पंच तेवढे हसले नव्हते. ते लहान असताना एका लबाड माणसाने तीन होड्या खारफुटीत लपवल्या आणि बुडाल्या म्हणून तीन नव्या नेल्या. त्या वर्षी वखार रिकामी झाली. मग ज्यांची होडी खरोखर बुडाली त्यांना काही मिळालं नाही. त्यांत यांचा बाप होता. फळीचा नियम त्या उपाशी वर्षातून आला होता. म्हाताऱ्यांचा राग येतो तेव्हा हे आठवावं, असं मी स्वतःला सांगत असतो. नेहमी जमत नाही.

तोवर तक्रारी राणीच्या कानावर गेल्या. राणीने एका दुपारी सगळं उलटं केलं. फळी बंद. पंच घरी. घारी सांगतील त्याला होडी, नाही सांगणार त्याला नाही.

आणि काय सांगावं, काम झपाट्याने होऊ लागलं. सकाळी होडी बुडायची, संध्याकाळी सुतार रंधा मारत बसलेले असायचे. पंधरा दिवसांत अकरा होड्या झाल्या. लबाडांची तर पंचाईतच झाली, कारण खारफुटीत लपवलेली होडी वरून स्पष्ट दिसायची. लोक मुलीला डोक्यावर घेऊन नाचले.

बाईला हे कळलं, तशी ती पुन्हा दीड दिवस चालत आली. दुसऱ्या पौर्णिमेला सोळा दिवस उरले होते. धक्क्यावरच्या खांबावर घार बसली होती. बाईने आपली हकीकत सांगितली.

"दिसली नाही," घार म्हणाली आणि उडून गेली.

बाई मुलीकडे धावली. मुलीचे हात जाळ्यात गुंतलेले होते, दारात बारा माणसं उभी होती. घारी खोटं बोलत नाहीत, एवढं सांगून तिने बाईला वाटेला लावलं. आम्हा तरुणांचं हे असंच असतं. म्हाताऱ्यांचा हट्ट दिसतो, आपला दिसत नाही.

आता दाद मागायची कुठे? पंच तरी समोर बसून नाही म्हणत. घार तर हवेत गेली होती. शेवटी बाई थोरल्या पंचांच्या घरी गेली. ते ओट्यावर रिकामे बसले होते.

"आजोबा, तुम्ही फळी मागितलीत. ती शोधत मी महिनाभर फिरले. घारीने काय मागितलं तेही मला ठाऊक नाही. मी काय शोधू?"

म्हातारा काठी घेऊन उठला. वाटेत त्याने जाळीवाल्या मुलीलाही उठवलं. तिने कामाचं कारण सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, कारणं मीही चाळीस वर्षं सांगितली, चल.

त्या चाळीस वर्षांत तो एकदाही वाडीत गेला नव्हता. तिथे त्याने रिकामा खुंटा पाहिला, त्याला लोंबणारा तुटका दोर पाहिला. सात घरांत वेगवेगळं विचारलं, सातही घरांनी तीच हकीकत सांगितली. मुलगी मात्र आकाशाकडे बघत उभी होती.

"इथे घारी का नाहीत?" तिने विचारलं.

आंधळी सासू दारातून हसली. "आम्ही मासळी वाळत घालत नाही गं बाय. शिंपल्यांवर जगतो. घारीला इथे काय मिळणार, रिकामी टरफलं?"

तेव्हा मुलीला उमगलं. तिच्या घारींनी खोटं सांगितलं नव्हतं. जिथे मासळी नाही तिथे त्या कधी फिरकल्याच नव्हत्या, आणि हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

परतताना दोघं वाटभर भांडली. फळीचा नियम आता मोडलाच पाहिजे, हे म्हाताऱ्याला कबूल करावं लागलं. घारींनाही नियम हवा, हे मुलीला कबूल करावं लागलं. राणीपुढे दोघांनी मिळून एकच नियम ठेवला. घारीने हो म्हटलं, तर तेवढ्यावर लाकूड द्या. घारीने नाही म्हटलं, तर एका माणसाने त्या घरी चालत जायचं, बघायचं, विचारायचं, आणि तरीही नाहीच म्हणायचं असेल तर कारण तोंडावर सांगायचं. राणीने मान्य केलं. मान्य करायला तिने आठ दिवस घेतले.

सुतारांनी रात्रंदिवस खपून होडी बांधली. ती वाडीला लागली तेव्हा दुसरी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. पुळणीवरची जागा गेली होती. बाईला दूरच्या, खडकाळ टोकाला जावं लागलं. तिथे निम्म्याच तिसऱ्या मिळतात, आणि हात सोलून निघतात. चूल मात्र विझली नाही.

त्यानंतर त्या राज्यात कुणाचीही जागा अशी गेली नाही. पण तिची गेली ती गेली. म्हातारा तिची माफी मागायला गेला तेव्हा तिने त्याला चार तिसऱ्या खायला दिल्या आणि होडी खडकाळ टोकाकडे लोटली.

तात्पर्य: काम भराभर करणारं काहीही आणा, पण ज्याला नकार द्यायचा त्याच्या दारापर्यंत माणूस जाईल, एवढा नियम आधी करा.