रानशाळेला चार खांब हवेत

फार लांब नाही, इथूनच थोडं पुढे, एक रान होतं. त्या रानात एक शाळा होती. शाळा सरकारी होती. म्हणजे ती सगळ्यांची होती, आणि सगळ्यांची होती म्हणून तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शाळेत ससे, खारी, पोपट, मुंगसं अशी सगळ्यांची पिल्लं शिकत. हेडबाई टिटवी होत्या. शाळेचं छप्पर चार खांबांवर उभं होतं. एका वर्षी त्यातला एक खांब कलला, तेव्हा टिटवीबाईंनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, की सदर खांब सरळ उभा आहे असं समजण्यात यावं. पुढच्या वर्षी दुसरा कलला. तेव्हा मात्र निवडणूक जवळ आली होती, म्हणून सरकारने चार नवे खांब मंजूर केले.

त्याच रानात भिवा नावाचा एक सुतार पक्षी राहत होता. त्याची बायको गोदा मागच्या उन्हाळ्यात गेली. वावटळ आली आणि ती बसली होती ती फांदी तुटली. फांदी बाहेरून हिरवीगार होती. आत काही नव्हतं.

तेव्हापासून भिवाला एक खोड लागली. दिसेल त्या फांदीवर आधी चोच वाजवायची, कान लावायचा, मग बसायचं. लेकीला, मंजीला, तो वाजवल्याशिवाय कुठे बसू देत नसे. मंजी पहिलीत होती. गोदा म्हणायची, आपण ठोकून ठोकून पोट भरलं, पोरीनं शिकावं. गोदा कमी बोलायची. जेवढं बोलली तेवढं भिवाला पाठ होतं.

खांबांची बातमी ऐकली आणि भिवाने ठरवलं, की हे काम आपण करायचं. चांगला खांब ओळखणारा रानात दुसरा कोणी नव्हता, आणि त्या छपराखाली त्याची मंजी बसणार होती.

खरेदी खात्याने शाळेतच एक मेळावा भरवला. विषय होता, ‘सरकारी शाळेला माल कसा पुरवावा’. खरेदी अधिकारी घोरपड साहेब होते. रानात तीन सरकारं बदलली, पण साहेबांची खुर्चीवरची पकड सुटली नव्हती.

“बंधूंनो,” घोरपड साहेब म्हणाले, “आमचा कारभार पारदर्शक आहे. इतका पारदर्शक आहे, की आत बघितलं तर काहीच दिसत नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“लहान असो, मोठा असो, शाळेचं दार प्रत्येक पुरवठादाराला उघडं आहे.”

दार त्या वेळी बंद होतं, कारण आत साहेबांसाठी गारवा केला होता. पण बोलणं चांगलं होतं, म्हणून पुन्हा टाळ्या झाल्या.

“आता कोणाला शंका असेल तर विचारा. थोडक्यात विचारा.”

भिवा उठला. “साहेब, मला खांब द्यायचेत.”

“उत्तम. याआधी सरकारी शाळेला खांब पुरवल्याचा अनुभव आहे?”

“नाही.”

“मग जमणार नाही. अनुभव असल्याशिवाय काम देता येत नाही.”

“पण काम दिल्याशिवाय अनुभव कसा यायचा साहेब?”

“हा धोरणात्मक प्रश्न आहे. तो इथे नाही विचारायचा.”

“साहेब, रानात शाळा एकच. तिचे आत्ताचे खांब माझ्या आज्यानं उभे केलेत.”

घोरपड साहेबांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. ते विचार करत असले की असं करत. “मग तो अनुभव आजोबांचा झाला. आजोबांना अर्ज करायला सांग.”

“ते वारले.”

“तसं असेल तर त्यांचं संमतीपत्र लागेल.”

मागे बसलेलं एक तरस मोठ्याने हसलं. पण तरस सगळ्यालाच हसतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी टिटवीबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, “अहो साहेब, नियमाला तीन दरपत्रकं लागतात ना? दोनच आलीत. भिवाचं घ्या की. काम द्या असं कुठे म्हणतेय मी?”

साहेबांना हे पटलं. भिवाचं दरपत्रक मोजणीपुरतं घेण्यात आलं.

ठरल्या दिवशी खरेदी समितीपुढे तिन्ही दरपत्रकं उघडली. पहिलं भुंगेरा आणि सन्स यांचं होतं. भुंगेऱ्याने इतका मोठा दर लावला होता, की समितीला धाप लागली. भुंगेरा वाळवीशेठच्या वारुळात भाड्याने राहत असे. दुसरं भिवाचं. प्रत्येक खांबामागे एका हंगामाच्या अळ्या, आणि खांब हलला तर भिवा स्वतः येऊन बदलून देणार. तिसरं होतं मेसर्स वाळवी आणि मंडळी यांचं. घोरपड साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि उभे राहिले.

“दर, शून्य!”

समितीत कुजबुज झाली.

“शून्य! रानाच्या इतिहासात पहिल्यांदा! वाळवी आणि मंडळी फुकट खांब देणार. त्यांची अट एकच. कामगारांची राहण्याजेवणाची सोय शाळेने जागेवरच करायची.”

वाळवीशेठ कोपऱ्यात नम्रपणे उभे होते. अंगाने मऊ, रंगाने गोरे, बोलायला गोड. “शिक्षणाच्या कामात नफा कसला बघायचा?” ते म्हणाले. “आमची मंडळी साधी आहेत. जिथे काम, तिथेच खाणं. वेगळा डबासुद्धा नको.”

भिवाला राहवलं नाही. “साहेब, ती वाळवी आहे!”

“मग?”

“मग काय? वाळवी लाकूड खाते साहेब. आख्ख्या रानाला ठाऊक आहे.”

घोरपड साहेब गंभीर झाले. “भिवा, कोणाच्या जातीवरून बोलायचं नाही. आणि पुरवठादाराने काय खावं, यात सरकार ढवळाढवळ करत नाही.”

“आणि अनुभवाचं काय? मला विचारला होतात तो?”

“त्यांचा लाकडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे,” साहेब म्हणाले. “इतका जवळचा संबंध तुझा तरी आहे का?”



खांब आले. दिसायला देखणे होते. वरून लाल मातीचा गिलावा, त्यावर वेलबुट्टी. प्रत्येक खांबावर शिक्षणमंत्री अस्वलाचं हसरं चित्र होतं. जुने खांब काढून नवे उभे केले आणि छप्पर त्यांच्यावर टेकवलं.

शाळा सुटल्यावर भिवा गेला आणि पहिल्या खांबावर चोच वाजवली. मग कान लावला. मग बाकीचे तीन वाजवले. तो आवाज त्याने आधी ऐकला होता. एकदाच, वावटळीनंतर, पडलेल्या फांदीवर.

तो टिटवीबाईंकडे गेला. “बाई, चारही पोकळ आहेत. आत नुसती कुरकुर चाललीय.”

“मला का कळत नाही भिवा? वर्गात शांत बसा म्हटलं की पोरं शांत बसतात, खांब नाही बसत.”

“मग वर कळवा.”

“माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून सही करून बसलेय मी. सही केली नसती तर पगार अडला असता.” बाईंनी मान खाली घातली. “मी झोपते तीच पाय वर करून. आभाळ पडलं तर धरायला. आता छप्परही धरीन, दुसरं काय?”

भिवा घोरपड साहेबांकडे गेला. साहेबांनी करारातल्या अटी समोर घेतल्या. “खांबाची उंची लिहिलीय. घेर लिहिलाय. रंग लिहिलाय. चित्र कोणाचं, तेही लिहिलंय. सगळं बरोबर आहे. आत काय असावं, हे कुठे लिहिलंय दाखव.”

“खांबाच्या आत खांबच असणार ना साहेब! ते काय लिहायचं?”

“लिहिलं नाही ते मागायचं नाही. आणि ऐक, तू खांबाला टोचा मारलास असं कळलंय. सरकारी मालमत्तेची नासधूस आहे ती. पहिली वेळ आहे म्हणून सोडतो.”

घरी येऊन भिवा मंजीला म्हणाला, “उद्यापासून शाळेत जायचं नाही.”

“का?”

“खांब चांगले नाहीत.”

“आबा, तुम्हाला काहीच चांगलं वाटत नाही. परवा तर दगडाला पण वाजवून बघितलंत.”

“जायचं नाही म्हटलं ना.”

“आई म्हणाली होती शाळा सोडायची नाही. तुम्हीच सांगता, आई असं म्हणायची, आई तसं म्हणायची. आणि आता हे!” मंजी पंखात डोकं खुपसून बसली. मग आतूनच म्हणाली, “आणि उद्या मंत्री येणार आहेत. स्वागतगीतात मी पहिल्या ओळीत आहे.”

सकाळी मंजी उठायच्या आधी तिच्या वाटेवर जाऊन बसायचं असं भिवाने ठरवलं. पण सकाळी तो उठला तेव्हा मंजी गेलेली होती. पोर बापावर गेली होती, आणि थोडी आईवरही.

भिवा शाळेकडे सुटला. पोचला तर पिल्लं आत नव्हतीच. मंत्र्यांच्या स्वागतासाठी सगळ्यांना सकाळपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हात उभं केलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक एक पान. मंत्री येताना दिसले की हलवायचं. एक ससुलं चक्कर येऊन पडलं होतं, त्याला बाजूला सावलीत निजवलं होतं. भिवाला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मंत्री उशिरा येतात याचं बरं वाटलं.

मंत्री दुपारी आले. पानं हलली. अस्वल, राजाचा मेव्हणा, घोरपड साहेब, वाळवीशेठ आणि ज्यांना ज्यांना व्यासपीठावर बसायचं होतं ते सगळे आत गेले. सगळ्यांनाच बसायचं होतं. भाषण सुरू झालं.

“आधीच्यांनी तुम्हाला काय दिलं?” अस्वल गरजलं. “कललेले खांब! आम्ही काय दिलं?”

“सरळ खांब!” आतून सगळे ओरडले.

“घराघरात शिक्षण! खांबाखांबात विकास!”

टाळ्या झाल्या. भिवाने बघितलं, छपराचा एक कोपरा खाली आला आणि परत वर गेला. कोणाचं लक्ष नव्हतं.

इतक्यात टिटवीबाई बाहेर आल्या. “चला रे, आत चला. स्वागतगीत. रांगेत! पहिली ओळ पुढे!”

मंजी पुढे झाली. भिवा दारात आडवा झाला.

“भिवा, बाजूला हो,” बाई हळूच म्हणाल्या. “साहेब बघतायत.”

खांब पोकळ आहेत असं सांगून काही होत नाही, हे भिवा आता शिकला होता. म्हणून त्याने दारातूनच घोरपड साहेबांना हाक मारली. “साहेब, पोरांना आत जागा लागेल. व्यासपीठावरून कोणाला उठवू?”

राजाच्या मेव्हण्याने खुर्चीचे हात धरले. वाळवीशेठ आणखी खोल बसले. तीन-चार जणांनी छताकडे बघितलं, पण ते खांब बघत नव्हते, नजर चुकवत होते.

“उठवायचं कशाला?” घोरपड साहेब म्हणाले. “मुलांनी बाहेरूनच गावं. निसर्गाच्या सान्निध्यात. आवाज येतो आत.”

पिल्लांनी बाहेरून स्वागतगीत म्हटलं. मंजी पहिल्या ओळीत होती. तिचा आवाज थोडा वर लागला, पण गोड लागला. गाणं संपलं तेव्हा मंत्री इतके खूश झाले, की उभे राहून त्यांनी दोन्ही पंजांनी टाळ्या वाजवल्या. मंत्री उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. सगळ्यांनी मंत्र्यांपेक्षा जोरात वाजवल्या.

चारही खांब एकदम बसले. मोडले नाहीत, नुसते बसले, जसं पिठाचं पोतं बसतं. वरून छप्पर आलं.

पिल्लांनी पानं हलवली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग आहे.

छपराचं गवत बाजूला करून एकेकाला बाहेर काढलं. कोणी मेलं नाही. कोणाला फारसं लागलंही नाही. सगळे पांढरेफेक झाले होते, एवढंच. भिवाने मंजीला जवळ ओढलं. तिच्या डोक्यावरून चोच फिरवत राहिला.

पुढे चौकशी समिती नेमली. अध्यक्ष घोरपड साहेब. अहवालात तीन गोष्टी निघाल्या. पहिली, खांब उत्तमच होते, फक्त भिवा सुतार याने टोचे मारून त्यांचं मनोबल खच्ची केलं. दुसरी, खांबांत लाकूड नसल्यामुळेच मान्यवरांचे प्राण वाचले. भरीव खांब असते तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. या दूरदृष्टीबद्दल वाळवी आणि मंडळी यांचा सत्कार करावा. तिसरी, भिवाला काळ्या यादीत टाकावं. त्याने इथून पुढे कुठल्याही सरकारी शाळेला काहीही पुरवू नये.

शाळा आता उंबराखाली भरते. त्याला ‘मुक्तछत्र शिक्षण योजना’ असं नाव दिलंय. भिवा रोज पिल्लं यायच्या आधी उंबराची एकेक फांदी वाजवून बघतो. मग टिटवीबाई घंटा देतात. काही पुरवत नसल्यामुळे त्याला कोणी अडवू शकत नाही.

वाळवी आणि मंडळी यांना आता सरकारी कामाचा अनुभव झालेला आहे. त्यामुळे राजाच्या नव्या दरबाराचे सगळे खांब त्यांनीच दिले. दर शून्य. उद्‌घाटन झालं, अधिवेशन जोरात सुरू आहे. सभासदांना एकच लेखी सूचना आहे, की टाळ्या वाजवाव्यात, पण बेताने.

परवा भिवा आणि मंजी दरबारावरून घरी चालले होते. आत कोणाचं तरी भाषण चाललं होतं. मंजीने खांबांकडे बघितलं, मग बापाकडे.

“आबा, हे नाही वाजवून बघायचे?”

“नको,” भिवा म्हणाला. “या छपराखाली आपलं कोणी बसत नाही.”