शेंडा छाटलेला माड

एकदा एक द्राक्षबागेतला कसलेला छाटणीवाला माडांची बागायत शिकण्यासाठी घाट उतरून समुद्रकाठी आला. ज्या वृद्ध बागायतदारांकडे तो राहिला, त्यांना सगळे अण्णा म्हणत. शिष्य कामाला वाघ होता; पण हातात धार असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. अण्णा बाजाराला गेले असता त्याने पुरुषभर उंचीच्या एका कोवळ्या माडाचा शेंडा कोयत्याने छाटून टाकला. द्राक्षवेलीचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. माडालाही चार माथे फुटतील आणि नारळ चौपट लागतील, अशी त्याची अटकळ.

अण्णांनी परतल्यावर पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. रागावले मात्र नाहीत. "रोज सकाळी याला दोन कळश्या पाणी घाल," एवढेच म्हणाले.

शिष्याने नेम चुकवला नाही. खालच्या झावळ्या हिरव्या होत्या, म्हणून आशाही हिरवी होती. कळशी रिकामी झाली की तो मान वर करून उभा राही. एखादा कोवळा ठिपका दिसावा, याचा त्याला ध्यासच लागला. वैशाखापर्यंत झावळ्या एकेक करून वाळल्या आणि नुसता खुंट उरला.

"अण्णा, हा मेलाय. तुमाला पैल्याच दिवशी ठावं हुतं?"

"होतं."

"मग पाणी कशापायी घालायला लावलं?"

अण्णा माडाच्या आळ्यापाशी बसले. "खजुरीला बुडातून पिल्लं फुटतात. रावणताड आपणहून दुभंगतो आणि अनेक माथ्यांनी वाढतो. माडाला मात्र वाढीचा कोंब एकच. तो गेला की माड गेला. आता सांग, दिवाळीला घरी का गेला नाहीस?"

शिष्य गडबडला. "थोरल्या आक्कानं मला वाढवलं. तीन वर्सांमागं भांडणात बोलून गेलो, तू काय माझी आई न्हाईस. तवापास्नं गेलो न्हाई. पर रक्ताचं नातं हाय. फुटंल परत."

"तुला सगळीकडे द्राक्षवेलच दिसते," अण्णा म्हणाले. "तुझी आक्का माड आहे असं मी म्हणत नाही. खजुरी असेल, रावणताड असेल. मला ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. सहा महिने या मेल्या झाडाकडे तू रोज आशेनं पाहिलंस. तिच्याकडे तीन वर्षांत एकदा तरी पाहिलंस का?"

शिष्याला रडू आवरेना. डोळे पुसत त्याने विचारले, "घरात घील का ती मला?"

"ते कोयता उचलण्याआधी विचारायचं असतं. आता जाऊनच कळेल."

तो तसाच निघाला. दुसऱ्या दिवशी गावी पोचला, तेव्हा आक्का अंगणात धुणी वाळत घालत होती. तिचे केस पांढरे झाले होते. तो फाटकापाशी उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, माडाकडे पाहायचा तसा.

आक्काने हातातले धुणे दोरीवर टाकले. दाराशेजारची भरलेली बादली उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"पाय धू आदी," ती म्हणाली. "तीन वर्सं रोज भरून ठेवतीया."