रेडेतळ्याचं नवं नाव

शुद्धलेखनाच्या चुका निघतील, त्यांची आधीच माफी मागतो. तिसरीत शाळा सुटली आणि हातात फावडं आलं. मोठे शब्द मला येत नाहीत. पण साध्या शब्दांनीच आमचं घर वाचवलं, म्हणून लिहितो.

"पंधरा दिवसांत या शहरात 'रेडेतळं' हा शब्द कुणाच्या तोंडी राहता कामा नये!" देवसाळचे महाराज तेजसिंहराजे माझ्यावर गरजले. "राहिला, तर जत्रेच्या दिवशी आईला घेऊन मैदानावरची खोली खाली कर!"

मी सिदबा, कुस्तीच्या मैदानाची माती राखतो. त्या खोलीत माझे आजोबा गेले, वडील गेले. दुसरं घर आम्हाला नाही.

मैदानाचा इतिहास एवढाच. तिथे आधी तळं होतं आणि त्यात रेडे लोळायचे. एकदा दोन रेड्यांची टक्कर लागली, ती दोन गुराख्यांनी नुसत्या हातांनी सोडवली. थोरल्या महाराजांनी ते पाहिलं, तळं बुजवलं, तांबडी माती भरली, भोवती दगडी पायऱ्या बांधल्या. लोक रेडेतळंच म्हणत राहिले. मधल्या महाराजांनी 'राजवल्लभ क्रीडाभुवन' असं नाव दगडात कोरून लावलं. तो दगड पुढे पडला. आई आता त्यावर मिरच्या वाटते.

मी खाली बघत विचारलं, "नवं नाव काय, महाराज?"

"आमचंच! महाराज तेजसिंहराजे!"

"म्हणजे, महाराज तेजसिंहराजे मैदान?"

"छे छे!" सर्जेराव कारभारी मध्येच ओरडले. "महाराजांच्या नावाला 'मैदान' जोडतोस? सूर्याच्या शेपटाला कुणी पणती बांधतं का? नुसतं नाव! एक अक्षर वाढवायचं नाही, एक गाळायचं नाही!"

सूर्याला शेपूट असतं का, हे कुणीच विचारलं नाही. दरबारात पगार मिळतो तो माना डोलवायचा. सगळ्या डोलल्या.

घरी आई म्हणाली, "नाव ठेवायला कितीशी अक्कल लागते? रेड्याला असते तेवढी पुरे. आता कुठं जायचं रे आपण?"

"दवंडी तर द्यावीच लागेल," मी म्हणालो आणि पाटी घेतली.

जत्रेआधी पंधरा दिवस हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्याची, माती उकरून, चाळून, ताक घालून तयार करतात. आज माती कशी आहे, हे रोज सकाळी दवंडीने शहराला कळवायचं, ही थोरल्या महाराजांपासूनची चाल. दवंडी मी लिहितो आणि येसबाकाका हलगी वाजवत चौकाचौकांत देतात. मी वाचून दाखवली तशी काकांच्या हातातली टिपरी खाली पडली.

"सिदबा, दोघांना हत्तीच्या पायी देतील रे!"

"हुकमाबाहेर एक अक्षर नाही, काका."

काका गेले. चौकात हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! महाराज तेजसिंहराजे फार कडक झाले आहेत! आज त्यांना फावड्याने उकरणार!"

तिसऱ्या दिवशी, "महाराज तेजसिंहराजे यांच्यात खडे फार निघाले! चाळायचं काम चालू आहे!"

सहाव्या दिवशी, "महाराज तेजसिंहराजे यांच्यावर शंभर घागरी ताक ओतलं! आंबूस वास येईल, घाबरू नये!"

मधल्या महाराजांना जे जमलं नव्हतं, ते आठवडाभरात झालं. रेडेतळं म्हणायला कुणाला सवडच उरली नाही! सर्जेराव नाचत वाड्यावर गेले. "महाराज, पोरंसोरंसुद्धा आपलंच नाव घेतात!"

पंधराव्या दिवशी सकाळी महाराज हत्तीवर बसून ते ऐकायला निघाले. भाजीबाजारात एक म्हातारी दुसरीला विचारत होती.

"काय गं, महाराज तेजसिंहराजे मऊ पडले का?"

"पडतील नाही तर काय! काल वीस पैलवानांनी तुडवले!"

"आणि गाढवं शिरली होती म्हणे त्यांच्यात?"

"शिरतील कशी! बाहेरून शिरायला जागा कुठं आहे, आतच भरलीत!"

हत्ती तिथूनच फिरला. घटकाभरात मी दरबारात उभा.

"आमची चेष्टा करतोस?" महाराजांच्या मिशा थरथरत होत्या.

"नाही महाराज. एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही. रेडेतळं हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. आमची खोली राहिली ना?"

"राहिली! पण ती दवंडी बंद कर!"

"आज बंद कशी करू? आज कुस्त्या. संध्याकाळी निकालाची दवंडी आहे. ज्याची पाठ महाराज तेजसिंहराजे यांना लागेल, तो हरला."

मागे कुणीतरी खोकला. तो खोकला नव्हता.

महाराज हळूच म्हणाले, "हुकूम मागे घेतला तर लोक हसतील."

"आत्ता काय करतायत, महाराज?"

"मग तूच सांग, कुणाचं नाव द्यावं?"

मी मनातलं बोललो. "रेड्याचंच बरं, महाराज. त्याला उकरा, तुडवा, ताकात घाला. रेडा काही रुसून दरबार भरवत नाही!"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, मग सर्जेरावांकडे. आणि त्यांना जे हसू फुटलं, ते मांडीवर थापा मारूनही थांबेना!

"रेडेतळं तर रेडेतळं! पोरा, खोली तुझी, तुझ्या नातवंडांची! वर ताकासाठी आमच्या गोठ्यातली दुभती म्हैस घेऊन जा. आणि सर्जेराव, आजची दवंडी तुम्ही द्यायची! हलगी गळ्यात घालून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस घेऊन आलो. कासरा जरा सैल सोडला, तशी ती पायऱ्या उतरली, थेट हौद्यात शिरली आणि लोळली. मी उठवलं नाही. पायरीवर बसून राहिलो.