मेस्त्र्याच्या घराला कवाड का नाही

घाटाच्या पायथ्याला कोंडवणे नावाचं गाव आहे. तिथल्या मेस्त्र्यांच्या घरासमोर नवखा माणूस हमखास थबकतो. चौकट बघावी तर सागवानी, वेलबुट्टी कोरलेली, उंबरठा झिजून गुळगुळीत, आणि कवाडाचा पत्ताच नाही. साऱ्या पंचक्रोशीला दारं करून देणाऱ्या सुताराच्या घरालाच दार नाही, हे काय गौडबंगाल, असं पाहुणे विचारतात. गावाला हा प्रश्न मनापासून आवडतो. कुणीही हातातलं काम टाकून सांगायला बसतो.

सांगतात ती गोष्ट पुरसो मेस्त्र्याची, चार पिढ्यांपूर्वीची. पावसाळ्यात तेव्हा घाट चार महिने बंद असे. वरून चहा यायचा तो मृगाच्या आधी, आणि तोच दसऱ्यापर्यंत पुरवायचा. तिठ्यावर इंद्रावती नावाच्या म्हातारीचं चहाचं दुकान होतं. दर श्रावणात तिच्या चहाला बुरशी धरायची. पत्र्याच्या डब्यात ठेवावा तर डबा गंजून चहाला लोखंडाची चव यायची. शेवटी तिने पुरसोला लाकडाची पेटी करायला सांगितली.

पुरसोचा हात सोन्याचा, पण नाक जरा जास्तच वर. देवीच्या सभामंडपात, भरल्या गावासमोर तो बोलून बसला, "दसऱ्याक ह्या पेटयेतली चाय बिघडलेली गावली, तर मी वाकस देवीच्या पायाकडे ठेवतलंय. परत हातात घेवचंय नाय!" देवीसमोर गेलेला शब्द मागे घेता येत नाही. पुरसोची बायको आवडी हिने तिथेच कपाळाला हात लावला. लाकूड तासायचा वाकसच गेला तर सुताराची चूल कशी पेटणार, हे त्याच्या आधी तिला कळलं होतं.

पेटी बाहेरून फणसाची झाली. सांधे असे बसले की आत मुंगीही शिरू नये. घोडं अडलं ते आतल्या अस्तरापाशी. चहा कशाचाही वास चटकन उचलतो, आणि पुरसोला वाटत होतं की लाकूड जितकं उंची तितका चहा खूश. त्याने आधी सागाच्या पातळ फळ्या लावल्या. आठ दिवसांत चहाला तेलकट वास आला. मग तो हट्टाला पेटला आणि देवळातून चंदनाचा एक जुना तुकडा मागून आणला. त्याचं अस्तर लावून एका खणात चहा ठेवला. तो चहा इंद्रावतीने तोंडाला लावला, डोळे मिटले आणि पेल्यालाच हात जोडले.

"मेस्त्रीनू, ही चाय पिवची, काय हिची आरती करूची?"

सगळा तिठा हसला म्हणे. पुरसोने मात्र घरी येऊन ते अस्तर उचकटून काढलं. मृग आठ दिवसांवर आला होता.

त्या दुपारी आवडी ताट वाढताना म्हणाली, "तुमी वासाचा लाकूड कित्याक शोधतास? चायेक तिचो वास आसा. तिका बिनवासाचा घर व्हया."

पुरसो जेवता जेवता थांबला. बिनवासाचं, हलकं, पावसात न फुगणारं लाकूड म्हणजे शिवण. पण ओली शिवण तोडून मुरवायची तर दोन वर्षं हवीत. जुनी कुणाकडे मिळेल म्हणून तो घरोघर फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. दमून त्याने आपल्याच दाराला डोकं टेकलं. ते दार त्याच्या बापाने केलेलं, शिवणीचं, पन्नास वर्षं ऊनवारा खाल्लेलं. पुरसोने ते हुंगलं. वासाचं नाव नाही. खात्रीसाठी त्याने कवाडाला जीभ लावून पाहिली, आणि नेमकं ते विहिरीवर निघालेल्या शेजारणीने पाहिलं. संध्याकाळपर्यंत मेस्त्र्याला वेड लागल्याची बातमी गावभर झाली.

त्याने कवाडं उतरवली. मग करवत लावली. "बापाशीच्या हातचा माझ्याकडे ह्याच येक रवलेला," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. आवडीने लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवलं.

अस्तर बसलं, चहा भरला, झाकण लागलं आणि पाऊस आला. दाराच्या जागी टांगलेला झावळ्यांचा झाप पहिल्याच वादळाने नेला. पुरसो तसा एकलकोंडा, आपली कारागिरी कुणी पाहू नये म्हणून दार लावून काम करणारा. आता घर सताड उघडं. भिजलेली माणसं सरळ आत शिरू लागली. लाकडं आणणाऱ्या पोरी पडवीत केस पुसत बसायच्या, बायका आवडीबरोबर फणसाच्या आठळ्या सोलायच्या. पुरसो आधी करवादला, मग मुकाट्याने रंधा सरकवून जागा करून देऊ लागला. मनात मात्र दसऱ्याचीच धाकधूक होती.

दसऱ्याला साऱ्या गावाची हत्यारं देवीपुढे पूजेला मांडतात. पुरसोचा वाकसही झेंडूची फुलं लेवून तिथे होता. तो परत हातात येणार की नाही, ते एका पेल्यावर ठरणार होतं. इंद्रावतीने सगळ्यांदेखत पेटी उघडली, चहा केला, प्याली. दुसरा पेला भरून घेतला, मग तिसरा. पुरसोचा जीव टांगणीला.

"मेस्त्रीनू," ती अखेर तोंड पुसत म्हणाली, "वाकस उचला."

दुसऱ्याच दिवशी पुरसो खुशीत सागाच्या फळ्या आणि मापाची दोरी घेऊन आपल्या चौकटीपाशी आला. चौकटीत आवडी उभी होती.

"पंधरा वर्सा मी ह्या भिंतीवांगडा बोललंय," ती म्हणाली. "ह्या चार म्हयन्यात माझ्या घरात माणसा इली. आता दार लावशात, तर मी भायर जावन बसतलंय."

पंधरा वर्षांत हे आपल्या कधी ध्यानातच आलं नाही, याची पुरसोला लाज वाटली. त्याने दोरी गुंडाळली आणि त्या फळ्यांचं बाकडं करून पडवीत मांडलं.

आजही कोंडवण्यात चहाच्या पेटीला आतून जुनी, वास हरपलेली शिवणच लावतात. आणि मेस्त्र्यांच्या घरापुढे कुणी परका घुटमळला, की घरात असेल ती सून आतून हाक मारते, "थंयच कित्याक उभे? येवा भितूर, चाय थंड होता!"