नाव कुठे सांगू?

नववीच्या वर्गात एका आठवड्यात अकरा मोबाइल पकडले गेले, तेव्हा मुख्याध्यापक तळेकर सरांना रागापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. हे खूळ वर्गात आणलं तरी कुणी?

त्यांनी फर्मान काढलं, "आपल्याला ही सवय कुणी लावली, त्याचं नाव प्रत्येकाने सांगायचं. सगळ्यात शेवटी ज्याचं नाव येईल, त्याचा मोबाइल सहामाही संपेपर्यंत माझ्या कपाटात राहील. मग तो कुणीही असो."

सुमेधने तन्वीरचं नाव घेतलं, तन्वीरने ऋजुताचं. ऋजुता म्हणाली, "केतकी मोबाइलवरून मान वर न करताच सगळ्यांना उत्तरं देते. मला ते भारी वाटलं, म्हणून मीही तसंच करायला लागले."

केतकी सरांचीच मुलगी होती. पण सर मागे हटणारे नव्हते.

"केतकी, उभी राहा. तुला कुणी शिकवलं? घाबरू नकोस, खरं नाव सांग."

शाळेत केतकी वडिलांना सरच म्हणायची. ती अदबीने म्हणाली, "खरंच सांगते, सर. फक्त ते नाव इथे सांगू, की घरी गेल्यावर?"

तेवढ्यात सरांच्या खिशातला मोबाइल थरथरला. हात सवयीने खिशाकडे गेला आणि अख्ख्या वर्गाने तो पाहिला.

सर ओशाळून हसले. मोबाइल काढून, पडद्याकडे न बघता त्यांनी तो बंद केला आणि कपाटाच्या किल्लीसकट केतकीच्या हातात दिला.

"ठेवून ये," ते म्हणाले, "आणि किल्ली तुझ्याकडेच राहू दे."