न उगवलेले

“आणि ही एक जागा कोरी का राहिली?”

प्रबंधातल्या जनुकांच्या नकाशावर बोट ठेवून ताम्हनकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

शार्दूल हसला. चार वर्षांचं काम संपत आलं होतं. सर हो म्हणाले की प्रबंध द्यायचा आणि परदेशी जायचं, एवढंच उरलं होतं.

“तिथं तुकडा बसतच नाही, सर.”

हा डीएनएचा तुकडा म्हणजे उड्या मारणारा पाहुणा. जिवाणूत सोडला की कुठल्याही जनुकात घुसून बसतो. ज्यात बसला, त्याचं काम बंद. मग जिवाणूचं काय बिघडलं ते पाहायचं आणि त्या जनुकाचं काम ओळखायचं.

टेबलावर पारदर्शक प्लास्टिकची बशी होती. तिच्यातल्या जेलीवर लाल ठिपके उगवलेले. एकेका ठिपक्यात एकाच जिवाणूची पिल्लावळ. मधेच एक पांढरा.

“हा?”

“याचं रंगाचं जनुक मोडलंय.”

“हा बारका?”

“याला खाल्लेलं अंगी लागत नाही. कुठलाही विचारा, सर. सगळ्यांची कामं सापडलीत.”

“मी कोरी जागा विचारतोय.”

“ओसाड असणार ती. हजारो ठिपके तपासले, एकातही तिथं तुकडा नाही. वगळून टाकतो.”

सरांनी उठून हात धुतले, पलीकडच्या खोलीत जाऊन डबा उघडला आणि मागोमाग आलेल्या शार्दूलपुढे अर्धी भाकरी केली.

“घरी कोण कोण असतं रे?”

“आईबाबा, ताई. आजोबा आहेत, अंथरुणावर.”

“बाबा गावाला गेले तर?”

“दुकान बंद.”

“आणि ताई?”

“घर मुकं होतं. फार बडबडते ती.”

“आई गेली तर?”

घास शार्दूलच्या हातातच राहिला.

“आई... कुठं जातच नाही, सर.”

“कधीच नाही?”

“आजोबांना तिच्याच हातून पाणी लागतं. ती नसली तर...”

“मग तिलाही वगळून टाक.”

...

भाकरी तशीच ठेवून शार्दूल टेबलाशी आला. बशी उचलून त्यानं उजेडात धरली. आजवर तो ठिपकेच पाहत आला होता. आता तो ठिपक्यांच्या मधली मोकळी जेली पाहत होता.

“सर... तुकडा तिथंही बसला असेल.”

“हं,” मागून आलेले सर म्हणाले.

“पण ज्यांच्यात बसला, ते जगलेच नाहीत.”

त्यानं नकाशातल्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.

“सगळं पुन्हा लिहावं लागेल,” तो म्हणाला. “जाणं लांबेल.”

“लांबेल.”

पाहून झालेल्या बशा कोपऱ्यातल्या बादलीत टाकायच्या, वाफेवर उकडायच्या आणि फेकायच्या, अशी तिथली रीत. शार्दूलनं रोजच्या सवयीनं बशी लांबूनच टाकायला हात उचलला.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

“हळू ठेव. त्यात न उगवलेलेही आहेत.”